रिव्हिजननंतरच्या एक्स-रेत काळी रेषा दिसली, म्हणजे खुबा पुन्हा ढिला झाला का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आई ६७ वर्षांची आहे. १४ वर्षांपूर्वी बदललेला खुबा ढिला झाला म्हणून पाच महिन्यांपूर्वी ठाण्यात रिव्हिजन झालं. मांडीचं हाड बाहेरच्या बाजूने उभं उघडून जुना स्टेम (हाडाच्या पोकळीत बसवलेला धातूचा दांडा) आणि सिमेंट काढलं, सिमेंटशिवायचा लांब स्टेम बसवला आणि हाड तारांनी बांधलं. परवाच्या एक्स-रेच्या रिपोर्टात आलंय की स्टेमच्या वरच्या भागाभोवती काळी रेषा दिसते, स्टेम किंचित खाली गेल्यासारखा वाटतो, लूझनिंग नाकारता येत नाही. माझा भाऊ रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहे. त्याने ऑपरेशननंतरची पहिली फिल्म आणि ही फिल्म व्हर्निअरने मोजली, तर साडेतीन मिलिमीटरचा फरक आला. आई वॉकरने चालते. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं मांडी दुखते. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का? आईला अजून काही सांगितलेलं नाही."

ताई, गेली २६ वर्षं मी ठाण्यात खुब्याची ऑपरेशनं करतोय, आणि रिपोर्टातल्या त्या शेवटच्या वाक्यामुळे झोप उडालेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरून पुन्हा ऑपरेशन करायला हवं असं मला अजिबात वाटत नाही. पण सगळं ठीक आहे असंही मी फिल्म न बघता म्हणणार नाही, कारण आईची मांडी दुखते आहे. तो भाग पुढे घेतो.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. त्यांच्यासमोर बहुधा एकच फिल्म होती. मेटलच्या कडेला काळं दिसलं, ते त्यांनी लिहिलं. अडचण अशी आहे की सिमेंटशिवायचा स्टेम हाडाने धरलाय की नाही हे एका फिल्ममध्ये दिसत नाही. ते दोन फिल्म शेजारी ठेवल्यावर, त्यांच्यामधल्या महिन्यांत काय बदललं यातून कळतं. म्हणून ऑपरेशननंतर काढलेली पहिली फिल्म ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वस्तू. तुमच्याकडे ती आहे, यानेच निम्मं काम झालं.

आधी तुमच्या भावाच्या मापाकडे येतो. त्यांनी व्हर्निअर लावलं हे मला मनापासून आवडलं, कारण मोजण्याऐवजी नजरेने ठरवणारे डॉक्टरही कमी नाहीत. फक्त टूलरूममध्ये जॉब समोर असतो. इथे समोर आहे ती त्याची सावली, आणि प्रत्येक सावलीचा आकार वेगळा. एक्स-रेत हाड मुळात १५ ते २० टक्के मोठं उमटतं. सडपातळ माणसात थोडं कमी, जाड माणसात जास्त. पुढे डिजिटल फिल्म छापताना ती कागदावर मावावी म्हणून मशीनवरचा माणूस ती लहान करतो, आणि किती लहान केली हे दोन वेळा सारखं असेलच असं नाही. त्यामुळे फिल्मवरचा मिलिमीटर हा खरा मिलिमीटर नसतो.

यावर उपाय फिल्ममध्येच आहे. आईच्या खुब्यातला गोल चेंडू, ज्याला आम्ही हेड म्हणतो, तो नेमका किती मिलिमीटरचा आहे हे डिस्चार्जच्या फाइलमधल्या इम्प्लांटच्या स्टिकरवर छापलेलं असतं: सहसा २८, ३२ किंवा ३६. समजा ३६ आहे. भावाला सांगा, दोन्ही फिल्मवर आधी हेडचा व्यास मोजा. पहिल्या फिल्ममध्ये तो २७ मिमी भरला आणि परवाच्या फिल्ममध्ये ३०, असं धरू. पहिल्या फिल्ममध्ये हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यापासून स्टेमच्या खांद्यापर्यंत, म्हणजे त्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, १५ मिमी आले असतील, तर खरं अंतर १५ गुणिले ३६ भागिले २७, म्हणजे २० मिमी. दुसऱ्या फिल्ममध्ये १८.५ आले असतील, तर १८.५ गुणिले ३६ भागिले ३०, म्हणजे २२.२ मिमी. साडेतीनचा फरक एकदम दोनवर आला. आणि साध्या एक्स-रेवर दोन मिलिमीटर म्हणजे पाय थोडा फिरला, एक्स-रेची नळी थोडी वर-खाली झाली तरी येणारा फरक आहे. साध्या फिल्मवर ५ मिमीच्या आतलं सरकणं आम्ही सहसा निर्णयाला धरत नाही. संशोधनात हाडात टँटलम धातूचे बारीक मणी ठेवून मिलिमीटरच्या छोट्या अंशापर्यंत मोजण्याची पद्धत वापरतात. स्वीडनच्या लुंडमध्ये योरान सेल्विक यांनी ती १९७४ मध्ये मांडली. रोजच्या ओपीडीत ती नसते, तिथे हेडचा व्यास हीच आपली पट्टी.

आणखी एक तपासणी भाऊ करू शकतात. दोन्ही फिल्मवर स्टेमची पूर्ण लांबी मोजा आणि तिला हेडच्या व्यासाने भागा. तो स्टेम लांबीने बदललेला नाही, त्यामुळे उत्तर दोन्हीकडे एकच यायला हवं. वेगळं आलं तर एका फिल्मच्या वेळी आईची मांडी टेबलावर सपाट टेकलेली नव्हती, किंचित उचललेली होती. दुखणाऱ्या पेशंटच्या बाबतीत हे नेहमी होतं. अशा दोन फिल्मची तुलना करूच नका, फिल्म पुन्हा काढा.

आता तुमच्या आईच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे आणि ती रिपोर्टात नाही. हाड बाहेरून उभं उघडलं होतं असं तुम्ही लिहिलंय. आम्ही त्याला एक्स्टेंडेड ट्रोकँटेरिक ऑस्टिओटॉमी म्हणतो. हाडाच्या बाहेरच्या बाजूची एक लांब फळी, वरच्या उंचवट्यासकट, दार उघडावं तशी उघडतात, आतलं जुनं सिमेंट काढतात, नवा स्टेम बसवतात आणि फळी परत लावून तारांनी आवळतात. ही फळी जुळायला साधारण तीन ते सहा महिने जातात. तोवर खुब्याचे मजबूत स्नायू तिला सतत वर ओढत असतात, आणि ती दोन-तीन मिलिमीटर वर सरकली तरी बहुतेकदा व्यवस्थित जुळते. पण तुमच्या भावाने माप कुठून घेतलं? त्याच उंचवट्यावरून. म्हणजे स्टेम जिथल्या तिथे असताना खूण वर गेली असेल, तर माप वाढणार आणि स्टेम खाली गेल्यासारखा दिसणार. घाटावर उभ्या माणसाला नाव सरकल्यासारखी वाटावी आणि प्रत्यक्षात घाटाचीच पायरी हललेली असावी, तसं.

म्हणून अशा ऑपरेशननंतर मी वरचा उंचवटा मापाला धरत नाही. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो, लेसर ट्रोकँटर, तो उघडलेल्या फळीत येत नाही, मुख्य हाडालाच राहतो. त्यापासून स्टेमच्या खांद्यापर्यंत, किंवा स्टेम दोन भाग जोडून केलेला असेल तर त्या जोडापर्यंत मोजा. किंवा फळी जिथे संपते त्याच्या खाली, हाड तडकू नये म्हणून एक तार बांधलेली असेल, तर ती तार आणि स्टेमचं टोक यांच्यातलं अंतर घ्या. या खुणांवरूनही स्टेम खाली गेलेला दिसला, तर तो खरंच गेलाय.

समजा गेलाही असेल. निमुळते, कंगोरेदार टायटॅनियमचे लांब स्टेम रिव्हिजनमध्ये आज सर्रास वापरतात. हाइन्झ वॅग्नर यांनी १९८७ मध्ये आणलेल्या स्टेमपासून ही पद्धत रुळली. पाचर लाकडात जाते तसा तो हाडाच्या पोकळीत जाऊन बसतो, आणि आई पाय टेकायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडा आणखी खाली जाऊन घट्ट होऊ शकतो. गेला आणि थांबला, तर आमची तक्रार नाही. सहा आठवड्यांच्या फिल्ममध्ये २ मिमी, पाच महिन्यांच्या फिल्ममध्येही २ मिमी, म्हणजे तो बसला. सहा आठवड्यांना २, तीन महिन्यांना ५ आणि पाचव्या महिन्याला ९, म्हणजे अजून चाललाय. म्हणून मधल्या फिल्मही शोधा. सहा आठवड्यांची एक असणारच.

आता ती काळी रेषा. काही काळ्या रेषा हाडात नसतातच. प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर माणसाचा डोळा स्वतःहून एक गडद पट्टी घालतो. एर्न्स्ट माख यांनी हे १८६५ मध्येच नोंदवलं होतं. त्यात डिजिटल मशीन चित्र ठसठशीत दिसावं म्हणून कडा उठावदार करतं, आणि मेटलच्या कडेला एक काळं वलय तयार होतं. ओळखायचं कसं? फिल्म खिडकीशी धरा आणि स्टेमपासून नजर उचलून हाडाबाहेर न्या: चेंडूच्या खालच्या मानेकडे, तारांच्या हाडाबाहेर आलेल्या टोकांकडे. तिथे मेटलच्या भोवती फक्त मांस आहे, हाड नाही. तिथेही तीच, तेवढ्याच रुंदीची काळी किनार दिसली, तर स्टेमभोवतीची रेषाही मशीनने काढलेली असण्याची शक्यता मोठी. सेंटरला सांगितलं तर कडा न उठवलेलं चित्र ते देतात.

काही रेषा खऱ्या असतात पण ऑपरेशनच्या दिवसापासूनच्या. जुना ढिला स्टेम १४ वर्षांत हाड आतून खाऊन गेलेला असतो. वरच्या भागात पोकळी मोठी आणि स्टेम बारीक, म्हणून मध्ये फट राहतेच. ती पहिल्या फिल्ममध्ये दिसते आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बहुतेक वेळा नव्या हाडाने भरत जाते.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने माझी फिल्म वाचायची पद्धत कायमची बदलली. मी नवा असताना एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. दुसऱ्या शहरात रिव्हिजन झालेलं, मांडी दुखायची, फिल्ममध्ये वरच्या भागात स्पष्ट रेषा. जुन्या फिल्म मागितल्या तर म्हणाले, गावी आहेत, दापोलीकडे, कपाटात. मी थांबलो नाही. एकाच फिल्मवर निदान केलं आणि ऑपरेशन केलं. स्टेमला पकड लावून हातोडीने ठोकलं, तर तो केसभर हलला नाही. हाडाने त्याला इतका घट्ट धरला होता की काढायचा तर हाड फोडावं लागलं असतं. तसाच ठेवून जखम बंद केली. आठवड्याने त्यांच्या पत्नी गावाहून फिल्मचं पाकीट घेऊन आल्या. पहिल्या फिल्ममध्ये तीच रेषा होती. तीच जागा, तीच रुंदी. एवढं पाकीट एसटीने यायची वाट मी पाहिली असती, तर त्या माणसाचं एक ऑपरेशन वाचलं असतं. त्यांची मांडी दुखायचं कारण कमरेच्या मणक्यात निघालं. तेव्हापासून पहिली फिल्म हातात आल्याशिवाय मी 'ढिला' हा शब्द उच्चारत नाही.

खरी धोक्याची रेषा वाढते. सुरुवातीला १ मिमी असलेली पुढे २ मिमीपेक्षा रुंद होते, वरच्या भागातून खाली उतरत जाते, आणि तिच्या दोन कडा समांतर राहत नाहीत. एका टोकाला फाकतात, कारण स्टेम आत डुलत असतो. बारीक, समांतर, पांढऱ्या किनारीची आणि वर्षानुवर्षं तशीच राहिलेली रेषा असेल, तर स्टेमला हाडाऐवजी तंतूंच्या पातळ थराने धरलेलं असतं. तेही बऱ्याच पेशंटना आयुष्यभर पुरतं.

रेषा कुठे आहे हेही महत्त्वाचं. १९७९ मध्ये ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी स्टेमभोवतीच्या हाडाचे सात भाग पाडले. आजही सगळे तेच आकडे वापरतात. बाहेरच्या बाजूने वर १, तिथून खाली येत टोकाशी ४, आणि आतल्या बाजूने वर चढत ७. तुमच्या आईचा स्टेम निमुळता असेल तर तो पकडला जातो मधल्या आणि खालच्या नळीसारख्या भागात. वरच्या १ आणि ७ मध्ये त्याने हाडाला धरावं अशी अपेक्षाच नसते. रिपोर्टातली रेषा 'वरच्या भागाभोवती' आहे, आणि हे माझ्या दृष्टीने चांगलं आहे. माझी नजर ३, ४ आणि ५ वर जाईल. तिथे स्टेमच्या कडेला हाड चिकटून आहे का, की तिथेही रेषा उतरली आहे?

चार्ल्स एंग यांनी १९९० मध्ये सच्छिद्र आवरणाच्या स्टेमसाठी जी चिन्हं मांडली, ती काळजीपूर्वक इथेही उपयोगी पडतात. सर्वांत आनंद होतो तो हाडाच्या आतल्या पृष्ठभागापासून स्टेमपर्यंत आलेला पांढरा छोटा पूल दिसला की. वेल्डिंगच्या टाक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला स्पॉट वेल्डच म्हणतात. तो दिसायला सहसा सहा महिने ते वर्ष लागतं, त्यामुळे पाचव्या महिन्यात नसेल तर घाबरू नका. दुसरं एक चिन्ह घरच्यांना हमखास घाबरवतं. एखाद्या रिपोर्टात येतं की मांडीच्या हाडाची वरची आतली कड झिजली, पातळ झाली. स्टेम खाली घट्ट धरला गेला की शरीराचा भार वरच्या हाडातून न जाता स्टेममधून खाली उतरतो, आणि काम नसलेलं हाड थोडं विरळ होतं. म्हणजे हे पकड बसल्याचं लक्षण आहे. उलट तीच कड जाड होत गेली, किंवा स्टेमच्या टोकाखाली हाडाचा आडवा पाट तयार झाला आणि पाट व टोक यांच्यामध्ये काळी फट राहिली, तर स्टेम पिस्टनसारखा वर-खाली होतोय असा मला संशय येतो.

वाटीबद्दल, म्हणजे हेड ज्यात फिरतो त्या भागाबद्दल, रिपोर्टात काही नाही, तरी तीही बघून घ्या. ऑपरेशनमध्ये ती बदलली नसेल तरी चालेल. ओटीपोटाच्या हाडात तळाशी दोन्ही बाजूंना अश्रूच्या थेंबासारखी आकृती दिसते. दोन्ही थेंबांना जोडणारी रेघ काढा. वाटी त्या रेघेपासून किती उंच आहे आणि तिचा तिरपेपणा किती अंश आहे, हे पहिल्या फिल्मशी ताडून पहायचं. वाटी वर गेली, कलली, किंवा स्क्रू मोडला, तर ती ढिली. वाटीभोवतीच्या हाडाचे तीन भाग धरतात, त्या तीनही भागांत अखंड काळी रेषा असली तरी संशय घ्यावा. एका भागातली बारीक रेषा रिव्हिजनमध्ये खूप जणांना असते. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या आणि खालच्या-आतल्या कोपऱ्याला हाडाने दिलेले टेकू, आणि तिच्यापासून किरणांसारखे निघालेले हाडाचे तंतू, ही मूर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलेली घट्टपणाची चिन्हं मला फार विश्वासाची वाटतात.

(ज्यांच्या घरी सिमेंटचा, गुळगुळीत चकाकणारा निमुळता स्टेम आहे त्यांनी वरचं माप त्याला लावू नये. तो सिमेंटच्या आत १-२ मिमी उतरावा अशीच त्याची रचना असते.)

आता मांडीचं दुखणं. उठल्यावर पहिली काही पावलं दुखणं आणि मग कमी होणं याला मी गंभीरपणे घेतो, कारण हलणाऱ्या स्टेमची ती जुनी ओळख आहे. पण उघडलेली फळी पूर्ण जुळलेली नसताना, आणि ताठ लांब स्टेमच्या टोकाशी हाड वाकायला बघतं तेव्हाही असंच दुखतं. फरक काळाने कळतो: दर महिन्याला कमी होतंय की वाढतंय? पडून असताना, रात्री दुखत असेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप येत असेल, तर प्रश्न निराळा आहे. तिथे जंतुसंसर्गाचा विचार आधी, आणि संसर्गात एक्स-रे महिनोन्महिने स्वच्छ दिसू शकतो. सीआरपी आणि ईएसआर ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची साधी तपासणी तर याच आठवड्यात करून घ्या. पाच महिन्यांनी सीआरपी वाढलेला राहायला नको. वाढलेला असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. बोन स्कॅन करा असं कोणी सुचवलं तर सध्या थांबा. रिव्हिजननंतर वर्षभर आणि त्याहून जास्त काळ हाड त्या स्कॅनमध्ये तसंही 'तापलेलं', म्हणजे जास्त काम करत असलेलं दिसतं. एक्स-रेतून काही कळेनासं झालं तर मेटलचा अडथळा कमी करणारा सीटी जास्त कामाचा.

आई पडल्या, पाय अचानक आखूड झाला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आणि आईला सांगा. त्यांना न सांगता हे नीट तपासता येणार नाही. कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवता येतं का, गेल्या महिन्यापेक्षा कमी आहे का, हे फक्त त्याच सांगू शकतात, आणि भीतीने त्या लपवायला लागल्या तर आमच्याकडे निव्वळ फिल्मच उरते.

फिल्म पुन्हा काढाल तेव्हा पहिली जिथे काढली त्याच सेंटरला काढा. चिठ्ठीवर लिहून घ्या: दोन्ही खुबे एकाच फिल्ममध्ये, पायाचे अंगठे एकमेकांना टेकतील इतके पाय आत वळवलेले, आणि स्टेमच्या टोकाखाली किमान दोन बोटं हाड दिसेल एवढी फिल्म खाली. बाजूने काढलेल्या फिल्ममध्येही स्टेमचं टोक आलंच पाहिजे. चित्रांची सीडी मागून घ्या, छापील फिल्मवर समाधान मानू नका. आईला ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत वॉकरसकट चढवू नका, रिक्षा करा. आणि पाऊस असेल तर विटाव्याच्या पुलाखाली पाणी तुंबलंय का, ते निघण्याआधी विचारून घ्या.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा. हाड आत किती मऊ होतं, स्टेम ठोकताना शेवटी आवाज कसा बदलला, किती सेंटिमीटर पकड मिळाली, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. मला किंवा रिपोर्ट लिहिणाऱ्याला नाही. सगळ्या फिल्म तारखेच्या क्रमाने लावून न्या, इम्प्लांटचं स्टिकर वर ठेवा, आणि भावाला बरोबर घेऊन जा. त्यांनी हेडचा व्यास धरून नवी मापं एका कागदावर लिहून आणली असतील, तर सर्जनचं पहिलं दहा मिनिटांचं काम झालेलंच असेल.